घरोघरी कचरा संकलन सेवा, सहकारनगर, पुणे : अकरा वर्षांच्या अनुभवानंतर

सहकारनगरातील आमच्या अठ्ठावीस सदनिकांच्या सोसायटीत सकाळी सव्वासातच्या सुमारास जिन्यातून बादलीच्या कडीचा आवाज येतो आणि पाठोपाठ "कचराऽऽ" अशी हाक ऐकू येते. मधले सात महिने सोडले तर गेली अकरा वर्षे आम्ही ही सेवा घेत आहोत आणि सोसायटीचा सचिव या नात्याने तिचे हिशेब, तक्रारी व वादविवाद बहुतांशी माझ्याच हातून गेले आहेत. आमच्याकडे येणाऱ्या ताई ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. गेल्या महिन्यातल्या सर्वसाधारण सभेत ही सेवा पुढे चालू ठेवावी की नाही, हा विषय पुन्हा निघाला आणि दहा मिनिटांत जपान, जर्मनी व स्वीडन हे तिन्ही देश बोलण्यात येऊन गेले. "तिकडे असं दारोदार हिंडत नाही कोणी," असे एक सभासद म्हणाले. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आणि या सेवेचे परीक्षण मी इथे एकत्रच लिहितो आहे, कारण एखाद्या गावाने किंवा देशाने कचऱ्याची एखादी पद्धत का स्वीकारली हे पाहिल्याशिवाय ती चांगली की वाईट हे ठरवता येत नाही, असे माझे मत झाले आहे.

सेवेचे स्वरूप आधी सांगतो. प्रत्येक घराने ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायचा, ताईंनी तो दारातून घ्यायचा, सुक्यातले विकण्याजोगे सामान निवडून काढायचे आणि उरलेले सारे ठरलेल्या ठिकाणी महापालिकेच्या गाडीत नेऊन द्यायचे. महिन्याचे शुल्क घरटी शंभर रुपयांच्या आत आहे आणि ते ताईंच्याच हातात द्यायचे असते. हे शुल्क आणि भंगाराच्या विक्रीतून येणारे पैसे एवढीच त्यांची कमाई. महापालिका साधने पुरवते आणि संस्थेच्या देखरेखीचा खर्च उचलते, पण ताईंना पगार देत नाही. ही गोष्ट पुष्कळ रहिवाशांना ठाऊक नसते. त्या महापालिकेच्या नोकर आहेत अशा समजुतीने "आम्ही मालमत्ता कर भरतो, मग हे वेगळे पैसे कशाचे," असे विचारणारी कुटुंबे आमच्याकडेही होती, आणि त्यांना समजावण्यात माझी पहिली दोन वर्षे गेली.

आता प्रत्यक्ष काम. पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीमागचा कोपरा आम्ही ताईंना दिला आहे. जुन्या फ्लेक्सचा एक तुकडा अंथरून त्या सुका कचरा त्यावर ओततात आणि उकिडव्या बसून निवडायला लागतात. दुधाच्या पिशव्या एका गोणीत जातात, पुठ्ठ्याची खोकी पायाने सपाट होऊन सुतळीत बांधली जातात, पाण्याच्या बाटल्यांची झाकणे काढून वेगळी ठेवली जातात, कारण झाकणाचे प्लास्टिक निराळे आणि त्याचा भावही निराळा. काच स्वतंत्र बादलीत जाते. एकदा मी एक रिकामा डबा उचलून "हा कशात टाकायचा?" असे विचारले. त्यांनी तो दोन बोटांत दाबला, नखाने टिचकी मारली, कानाजवळ नेला आणि म्हणाल्या, "हा कडक आहे काका, मऊबरोबर घातला तर भंगारवाला सगळ्याचाच भाव पाडतो." साऱ्या इमारतीची निवड अर्ध्या तासात आटोपते. शेवटी फ्लेक्सवर वेफर्सची, आतून चंदेरी असलेली पाकिटे उरतात आणि ती कोणत्याही गोणीत जात नाहीत.

जपानमधल्या कामिकात्सु गावाचे नाव त्या सभेत निघाले होते. दीड हजारांहूनही कमी वस्तीच्या या डोंगराळ गावात कचरा गोळा करायला गाडी फिरत नाही. लोक आपापला कचरा केंद्रावर नेतात आणि चाळीसहून अधिक प्रकारांत स्वतःच्या हाताने वेगळा करून ठेवतात. तिथे जे काम प्रत्येक घर करते, त्याचा मोठा भाग आमच्याकडे अठ्ठावीस घरांच्या वतीने एक बाई करते. या फरकामागे दोन देशांचा इतिहास आहे, आणि आपल्या बाजूचा इतिहास पुण्यातलाच असल्यामुळे तो आधी सांगितला पाहिजे.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर आणि आसपासच्या भागांतून जी कुटुंबे पोटासाठी पुण्यात आली, त्यांतल्या अनेक दलित स्त्रियांना शहराने दुसरे काम दिले नाही आणि त्या उकिरड्यांवरून कागद, काच, पत्रा वेचू लागल्या. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्या यांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी या कष्टकऱ्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. चोरीच्या संशयाने कुणीही अडवावे अशी स्थिती असलेल्या माणसाच्या हातात छायाचित्र असलेले, महापालिकेने मान्य केलेले कार्ड येणे ही मला या साऱ्या कथेतली सर्वांत मोठी घटना वाटते. पुढे २००८ मध्ये कष्टकऱ्यांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला आणि उकिरड्यावर वाकणाऱ्या बायका दारात येऊन, हक्काने शुल्क घेऊन काम करू लागल्या. आज संस्थेचे साडेतीन हजारांहून अधिक सभासद आहेत. देशाच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकांना ओळख द्यावी आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे स्पष्ट म्हटले होते. पुण्याने ते त्याआधीच आठ वर्षे करून दाखवले होते.

वर ज्या सात महिन्यांचा उल्लेख केला, त्यांनी मला या सेवेचे मर्म शिकवले. चार वर्षांपूर्वी बहुमताने आम्ही एका खासगी ठेकेदाराला काम दिले. त्याचे नाव मी देत नाही. कोणी दारात येणार नाही, पार्किंगमध्ये निवडणे होणार नाही, हिरव्या आणि निळ्या रंगाचे दोन मोठे चाकांचे डबे खाली असतील आणि सकाळी टेम्पो येऊन ते रिकामे करून जाईल, अशी योजना होती. शुल्क दुप्पट होते. पहिले काही आठवडे सारे खूश होते. मग एका सकाळी मी दूध आणायला खाली उतरलो तेव्हा दोन्ही डबे एकापाठोपाठ एक त्याच टेम्पोत उलटे होताना पाहिले. मी विचारले तेव्हा टेम्पोवरचा मुलगा अगदी सरळपणे म्हणाला, "पुढं सगळं एकच होतं काका." ही गोष्ट चार घरांना कळली आणि मग सगळ्यांनाच कळली. दोन महिन्यांत हिरव्या डब्यात काचा आणि निळ्या डब्यात भाताची शिते दिसू लागली. कोणाला दोष देणार? वेगळे करून ठेवण्याचा कुणाला काही उपयोगच होत नव्हता, आणि वेगळे केले नाही तर कुणाचे काही बिघडतही नव्हते.

ताई परत आल्या त्या आठवड्यात त्यांनी तीन घरांच्या बादल्या दारातच परत केल्या. भांडण नाही, आवाज चढवणे नाही. "हे वेगळं करून ठेवा, मी वरून येईपर्यंत," एवढेच. पंधरा दिवसांत घडी पुन्हा बसली. तेव्हा मला कळले की कचरा वेगळा राहावा असे वाटत असेल तर त्यावर कोणीतरी राखणदार लागतो, आणि तो कोण असावा याचे उत्तर प्रत्येक देशाने आपल्या परिस्थितीप्रमाणे आणि आपल्याला काय महत्त्वाचे वाटते त्याप्रमाणे दिले आहे. आमच्याकडे राखणदार आहे ती ताईंची कमाई. सुका कचरा कोरडा राहिला तरच त्याला भाव मिळतो, म्हणून प्रत्येक दारात रोज एक जाणकार नजर त्यावर पडते. तीही फुकट.

सभेत स्वीडनचा आग्रह धरणाऱ्या सभासदांचे म्हणणे होते की तिथे सगळे जाळतात, वीज करतात आणि प्रश्न मिटतो. स्वीडनमध्ये जळण्याजोगा कचरा जमिनीत पुरण्यावर २००२ मध्ये आणि सेंद्रिय कचरा पुरण्यावर २००५ मध्ये बंदी आली हे खरे आहे, आणि तिथल्या भट्ट्या इतक्या आहेत की नॉर्वे, ब्रिटन यांसारख्या देशांतूनही कचरा मागवला जातो. पण त्या भट्टीतून निघणारी उष्णता शहराखालून गेलेल्या नळांमधून घराघरांत पोहोचते आणि वर्षातले कितीतरी महिने थंडी असलेल्या देशात तिला गिऱ्हाईक आहे. पुण्यात ती ऊब कोणाला विकणार? दुसरे असे की आपल्या कचऱ्यात अर्ध्याहून अधिक वाटा ओल्याचा असतो. उन्हाळ्यात आमच्या बादल्यांत कलिंगडाची साले, नारळाच्या करवंट्या, उसाचा चोथा आणि आंब्याच्या कोयी असतात. अशा कचऱ्याला पेटवायचे तर आधी त्यातले पाणीच उडवावे लागते. दिल्लीत तिमारपूर येथे १९८० च्या दशकात डॅनिश तंत्रज्ञानाने दिवसाला ३०० टन कचरा जाळणारा प्रकल्प सरकारी पैशाने उभारला होता. तो काही आठवडेच चालला, कारण यंत्राला जितका उष्मांक लागत होता तितका दिल्लीच्या कचऱ्यात नव्हता. यंत्र चांगले होते, ते डेन्मार्कच्या कचऱ्यासाठी चांगले होते. अमेरिकेचे उदाहरण मात्र कोणी दिले नाही. तिथे आजही जवळजवळ निम्मा कचरा पुरला जातो, कारण जमीन मुबलक आणि स्वस्त आहे.

जपानबद्दल मला सभेत बरेच बोलायचे होते. तो देश आपल्या शहरी कचऱ्यापैकी बहुतांश जाळतो, कारण सपाट जमीन फार थोडी आणि पुरायला जागा त्याहून थोडी. पण जपानी माणूस जन्मतःच शिस्तीचा म्हणून तिथे सारे सुरळीत झाले, ही समजूत चुकीची आहे. टोकियोत शहराचा बहुतांश कचरा समुद्रकिनारी भराव घालून कोतो या वॉर्डात नेऊन टाकला जात असे आणि तिथले लोक माश्या, दुर्गंधी आणि ट्रकांच्या रांगा सोसत होते. सुगिनामी या सुखवस्तू वॉर्डात भट्टी उभारायचे ठरले तेव्हा तिथल्या रहिवाशांनी विरोध केला. १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबे यांनी ‘कचरायुद्ध’ पुकारले, आणि पुढच्या दोन वर्षांत कोतोच्या लोकांनी रस्त्यावर उतरून सुगिनामीचे ट्रक अडवले. "तुमचा कचरा तुमच्या वॉर्डात" ही त्यांची मागणी होती. १९७४ मध्ये तडजोड झाली आणि १९८२ मध्ये सुगिनामीत भट्टी उभी राहिली.

हे वाचताना पुणेकराच्या डोळ्यांपुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी आली नाहीत तर नवल. या गावांनी आपल्या शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसला, त्यांच्या विहिरींचे पाणी खराब झाले, त्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या आणि प्रत्येक वेळी शहरात चौकाचौकांत ढीग साचले की मगच आम्हाला त्या गावांची आठवण झाली. शहरात दररोज दोन हजार टनांहून अधिक कचरा तयार होतो. तो शहरातच जिरवायचा म्हणून वेगवेगळ्या भागांत छोटे बायोगॅस प्रकल्प उभारले गेले, पण त्यांतले काही धडपणे चालले नाहीत आणि जिथे नवा प्रकल्प निघतो तिथे शेजारचे रहिवासी विरोध करतात. टोकियोने जो प्रश्न दहा वर्षे भांडून सोडवला तो आम्ही अजून भांडायलाही पुरता घेतलेला नाही. सभेत "जपानसारखं करा" म्हणणाऱ्यांनी आपल्या मैदानाशेजारी खतप्रकल्प चालेल का, या प्रश्नाला आधी उत्तर द्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. जपानमध्ये राखणदार शेजार आहे: अनेक शहरांत पारदर्शक पिशवी सर्वांच्या देखत ठरल्या वारी ठरल्या जागी ठेवावी लागते आणि ती चुकीची भरली असेल तर चिठ्ठी लावून तिथेच सोडली जाते. शेजाऱ्यापुढे मान खाली जाऊ नये हा विचार तिथे दंडाचे काम करतो. आमच्याकडे शेजाऱ्याची बादली उघडून पाहणारा माणूस सोसायटीत नांदू शकणार नाही.

जर्मनी मी स्वतः पाहिली आहे, मुलाकडे अडीच महिने राहिलो तेव्हा. दुकानाच्या दाराशी भिंतीत बसवलेले यंत्र असते. त्याच्या गोल तोंडात रिकामी बाटली घातली की ती आत फिरते, तिच्यावरची खूण वाचली जाते आणि बाहेर चिठ्ठी येते, जी दाखवली की पैसे मिळतात. एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवर २००३ पासून २५ सेंट अनामत आहे. राखणदार इथे पैसा आहे आणि तो आधीच वस्तूत घालून ठेवला आहे. त्यामागचे तत्त्व १९९१ च्या वेष्टन-नियमांतले आहे: ज्याने वेष्टन बाजारात आणले त्यानेच ते परत घेण्याची सोय आणि खर्च करावा. मला सर्वांत लक्षात राहिले ते स्टेशनबाहेरचे दृश्य. लोक रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता तिच्या पायाशी उभी करून ठेवत होते. मुलाने सांगितले, "बाटल्या गोळा करणारे लोक येतात, त्यांना पेटीत हात घालावा लागू नये म्हणून." श्रीमंत देशातही वेचणारे हात आहेत, आणि त्या हातांची एवढी जाण ठेवणारे लोकही आहेत.

प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आपल्याकडेही उत्पादकाची जबाबदारी आली आहे. पण चंदेरी पाकिटे वेगळी ठेवल्याचे दाम ताईंच्या हातात पडताना मी अद्याप पाहिलेले नाही. हीच मागणी घेऊन २०१३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचक स्त्रियांनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनच्या पिशव्या भरून त्या बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवल्या होत्या. जर्मनीने कायद्यात जे लिहिले तेच या बायकांनी स्वतःच्या हातांनी मांडले. त्यांना त्यासाठी कुणी जर्मनीला नेले नव्हते.

मला विचाराल तर आपण ज्या देशाकडून सर्वांत जास्त शिकावे तो दक्षिण कोरिया आहे, आणि त्याचे नाव सभेत कोणीही घेतले नाही. कोरियन जेवणात भाताबरोबर लोणच्यासारखे, भाजीसारखे अनेक छोटे पदार्थ आणि पातळ रस्से असतात, त्यामुळे उरलेले अन्न बरेच आणि ओले असते, अगदी आपल्यासारखे. सोलच्या कचऱ्याचा नानजीदो नावाचा डोंगर १९७८ ते १९९३ अशी पंधरा वर्षे वाढत गेला. आज त्यावर बाग आहे. १९९५ पासून तिथे ठरावीक विकतच्या पिशवीतूनच कचरा द्यावा लागतो, म्हणजे जितका कचरा तितका खर्च. २००५ पासून अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरण्यावर बंदी आहे आणि २०१३ पासून त्याचेही शुल्क प्रमाणानुसार घेतले जाऊ लागले. कित्येक इमारतींत घरोघरचे कार्ड दाखवल्यावर उघडणारा आणि वजन करणारा डबा बसवला आहे. त्या अन्नकचऱ्यापैकी बहुतेक आता खत, पशुखाद्य किंवा इंधनाच्या कामी येतो. ओल्या कचऱ्याची लाज न बाळगता त्याचे वजन करणे हा विचार मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे दोन माणसांचे घर आणि महिन्यातून तीनदा पंगत उठवणारे घर सारखेच शुल्क देते, आणि जास्तीची बादली तिसऱ्या मजल्यावरून ताईच उतरवतात.

ज्या देशांची परिस्थिती पुण्याशी सर्वांत जास्त जुळते, ते युरोपात नाहीतच. ब्राझीलने २००२ मध्ये कचरावेचक हा व्यवसाय सरकारी व्यवसायसूचीत घेतला आणि २०१० च्या राष्ट्रीय कायद्यात त्यांच्या सहकारी संस्थांना स्थान दिले. कोलंबियात कचरावेचकांनी घटनात्मक न्यायालयापर्यंत लढा दिला आणि २०१३ पासून बोगोता शहर त्यांना गोळा केलेल्या वजनाप्रमाणे पैसे देऊ लागले. याउलट कैरोचे उदाहरण आहे. तिथे झब्बालीन समाजाची कुटुंबे पिढ्यानपिढ्या दारोदार कचरा उचलत, सुके निवडून विकत आणि ओले डुकरांना घालत. २००३ मध्ये शहराने परदेशी कंपन्यांना ठेके दिले. लोकांना दारातून कचरा देण्याची सवय होती, रस्त्यावरच्या पेटीपर्यंत जायची नव्हती, आणि कंपन्यांकडे निवडण्याचे ते कसब नव्हते. त्यात २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने सरकारने डुकरे मारून टाकली आणि रस्त्यांवर ओला कचरा कुजू लागला. आमच्या सोसायटीच्या सात महिन्यांत अठ्ठावीस घरांत जे झाले तेच तिथे एका महानगराचे झाले.

आता या सेवेतले जे मला खटकते तेही लिहिले पाहिजे. ताईंना हक्काची पगारी रजा नाही. त्या गावाला गेल्या किंवा आजारी पडल्या की त्यांची जाऊ येते, तीही कामाला चोख आहे, पण एका बाईच्या दुखण्याची सोय तिच्याच घरातल्या दुसऱ्या बाईने करावी ही व्यवस्था नव्हे. पावसाळ्यात भिजलेला पुठ्ठा कमी भावाने जातो आणि रद्दीचा भाव उतरला की महिन्याची कमाईही उतरते. शहराच्या स्वच्छतेचा भार भंगाराच्या बाजारभावावर ठेवणे मला पटत नाही. शुल्क वसूल करणे हाही त्यांच्याच माथी आहे. पहिल्या आठवड्यात "उद्या या" म्हणणारी दारे असतात आणि त्यासाठी जिने पुन्हा चढावे लागतात, म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही सर्वांचे शुल्क देखभाल खर्चात धरून एक तारखेला एकरकमी त्यांच्या हातात देतो. याने फार फरक पडला. ज्या सोसायट्यांना शक्य आहे त्यांनी हे आजच करावे.

सर्वांत कठीण गोष्ट डायपर आणि पॅडची आहे. ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढून वेगळी द्यावीत, असे संस्था कित्येक वर्षे सांगते आहे. आमच्याकडे आज सगळी घरे ते करतात, पण त्याला कारण घडलेला प्रसंग आहे. एका सकाळी ताई माझ्या दारात आल्या, हात मागे धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, पाणी घालता का हातावर? काळ्या पिशवीत हात गेला, आत काय होतं ते हाताला कळलं." हातमोजे होते, पण मोजे घालून प्लास्टिक ओळखता येत नाही म्हणून त्या निवडताना काढतात. मी पाणी घातले, साबण दिला. त्याच संध्याकाळी प्रत्येक घरी जाऊन मी स्वतः सांगितले, आणि कोणत्या घरची पिशवी होती ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितले नाही. जपानमध्ये ज्या कामाला नागरिकाचे कर्तव्य म्हणतात ते आपल्याकडे शतकानुशतके ठरावीक जातींच्या माणसांवर ढकलले गेले आहे, आणि या सेवेने त्या कामाला ओळखपत्र, दर आणि संघटना दिली असली तरी दाराच्या आतल्या बाजूला राहणाऱ्या आम्हा लोकांची सवय तिला एकटीला बदलता येणार नाही.

तरीही माझा कौल स्पष्ट आहे. वक्तशीरपणा, निवडीचे कसब, दर आणि वागणूक या चारही बाबतींत इतक्या पैशांत याहून चांगली सेवा मला दिसत नाही, आणि आपल्या कचऱ्याला, हवेला व माणसांना साजेशी तर हीच आहे. सेवा घेणाऱ्यांनी निवडण्यासाठी छपराखालची कोरडी जागा, हात धुण्यासाठी नळ आणि साबण, आणि वेळेवर शुल्क एवढे द्यावे. ओल्यासाठी जागा असेल तर आवारातच खताचे हौद करावेत. महापालिका मालमत्ता करात त्यासाठी सवलत देते आणि ताईंची एक फेरीही वाचते.

सभेत शेवटी सेवा चालू ठेवण्याचा ठराव एकोणीस विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला आणि मी मांडलेली दुसरी सूचनाही प्रयोग म्हणून स्वीकारली गेली. बोहरी आळीतून एक टांगता वजनकाटा आणून आम्ही तो पार्किंगमधल्या कोपऱ्यात लावला आहे. प्रत्येक मजल्याची ओल्या कचऱ्याची बादली त्याला अडकवून ताई आकडा वाचतात आणि जिन्याखाली दोरीने बांधलेल्या वहीत तो लिहिण्याचे काम त्या त्या मजल्यावरच्या मुलांनी आळीपाळीने घेतले आहे. तीन महिन्यांची नोंद झाली की मजल्यानिहाय वेगळे शुल्क ठरवायचे आहे. काल दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी ताईंना थांबवून कोबीचा पाला बादलीतून काढून घेतला आणि कुंडीत घातला.